एल्स्पेट व्हिएन्ना

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या स्कारहेवनमध्ये आडनावं दोनच, मेअर आणि स्लेटर. बाकीचे म्हणजे चर्च चालवणारा मिनिस्टर, शाळामास्तर आणि बँकेतला माणूस. हे सगळे बाहेरून आलेले आणि बदली झाली की जाणारे. नुसतं "सँडी मेअर" म्हणून हाक मारली तर बंदराचा अर्धा धक्का मागे वळून बघेल. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराला टोपणनाव असतं, आणि ते चेष्टेपुरतं नसतं. पोस्टमन तेच वाचून पत्र टाकतो, मतदारयादीत तेच छापलेलं असतं आणि शेवटी थडग्याच्या दगडावरही तेच येतं. मी अलेक मेअर ‘कणीक’. बापजाद्यांची बेकरी आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. आमच्या सगळ्यांत मोठ्या बोटीचा तांडेल सँडी मेअर, त्याचं घराणं ‘पिंकी’. त्याच्या पणजीच्या गायीचं नाव पिंकी होतं, आणि कुठल्याही वादळाला न घाबरणारा हा सहाफुटी माणूस आयुष्यभर त्या गायीच्या नावाने ओळखला गेला.

ही नावं वारशाने येतात. स्वतःच्या जिवावर नवं नाव कमावलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, एल्स्पेट स्लेटर ‘व्हिएन्ना’. ते नाव तिला टोमणा म्हणून चिकटलं, तेव्हा मी तिथेच पियानोवर बसलेलो होतो.

एल्स्पेट माझी चुलत बहीण, माझ्याहून काही वर्षांनी मोठी. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कोपरापर्यंत लाल हातांची. बंदरामागच्या धुरीघरात ती हॅडॉक मासा धुरावर टांगायची, आणि तिच्या केसांना, कपड्यांना, प्रार्थनेच्या पुस्तकालासुद्धा ओक लाकडाच्या भुशाचा वास यायचा. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवायचो, आणि ती माझ्या बाजूला बसायची. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाज शेजारच्या सँडबर्न गावात असतात, त्यांना दुसरं काही जमत नाही. एल्स्पेटचा आवाज सरळ होता. धक्क्याच्या एका टोकाला तिने तोंड उघडलं की दुसऱ्या टोकाच्या माणसाला वाटावं, आपल्याशीच बोलतेय.

आमच्या गावाचं स्वतःचं एक गाणं आहे. त्याला आम्ही ‘पाठीवरचं’ म्हणतो. बंदराची भिंत बांधली जाण्याआधी बोटी थेट वाळूवरून सुटायच्या. पाणी बर्फासारखं. चामड्याचे बूट एकदा भिजले की माणूस आठवडाभर ओल्या पायांनी समुद्रावर राहणार आणि छाती भरून मरणार. म्हणून बायका झगे कमरेला खोचायच्या, नवऱ्याला पाठीवर घ्यायच्या आणि मांड्यांपर्यंत पाण्यात शिरून त्याला कोरडाच्या कोरडा बोटीत सोडायच्या. त्या चालीचं हे गाणं.

बैस पाठीशी, धर खांद्याला,
पाय कोरडे ठेव, राजा.
ओली मी अन् कोरडा तू,
लाट आली, थांब जरा.

इथे गाणारी खरोखरच थांबते. लाट अंगावर येऊन पुढे जाईपर्यंत बाईला पाय रोवून उभं राहावं लागायचं, म्हणून गाणंही तेवढा वेळ गप्प. शेवटच्या कडव्यात नवरा बोटीत उतरतो, "उतर आता, जा!" आणि त्या ‘जा’वर ऐकणारे सगळे एकदम जमिनीवर पाय आपटतात. बोटीच्या फळ्यांवर बुटांचा आवाज झाला पाहिजे ना! मग शिट्ट्या, आरडाओरडा आणि ज्याच्या हातात जे असेल ते पिणं. आमच्या गावात लग्न असो, नवं वर्ष असो, ‘पाठीवरचं’ झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

आणखी एक रीत आहे, ती गाण्यात नाही. बोट सुटली की तिला निरोप द्यायला आलेली बाई वळते आणि चालू लागते. ती मागे बघत नाही आणि मिठाच्या कोठीचं दार ओलांडेपर्यंत कोणाशी एक शब्दही बोलत नाही. माणूस समुद्राच्या हवाली केला, आता मध्येच बोलून तो करार मोडायचा नाही. पूर्वी कोरड्या वाळूला पाय लागेपर्यंत गप्प राहायचं, आता कोठीपर्यंत, इतकाच फरक. आणि ती चालत असताना धक्क्यावरचे बाकीचेही तोंड उघडत नाहीत. पिंकीसारखा बडबड्या माणूससुद्धा. सोमवारी पहाटे बोटी सुटताना आमच्या धक्क्यावर या, ऐकायला फक्त गल पक्षी असतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. आम्ही असेच वाढतो.

एल्स्पेट सतरा-अठरा वर्षांची असताना गावातल्या इतर पोरींबरोबर हेरिंग माशांच्या मागे दक्षिणेला गेली. बोटी हेरिंगमागे आणि पोरी बोटींमागे, पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत. दिवसभर बोटांना चिंध्या बांधून मासे चिरायचे, मिठात भरायचे. तिथे कुठल्याशा धर्मादाय मंडळाने मासेवाल्या पोरींसाठी शनिवारी दुपारी एक कार्यक्रम ठेवला. लंडनहून आलेली गायिका, हिरवा झगा, सोबत पियानो, व्हायोलिन आणि चेलो. चहा आणि केक फुकट, म्हणून पोरी गेल्या.

"केक शिळा होता," एल्स्पेट सांगायची. तिची गोष्ट नेहमी इथूनच सुरू व्हायची.

गायिकेने सांगितलं, पुढचं गीत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं आहे, संगीतकार व्हिएन्नाचे आन्तोन हेलब्रुनर. आणि पियानोवर जे सुरू झालं ते ‘पाठीवरचं’ होतं! दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एडिंबराच्या कुठल्याशा प्रकाशकाने आमच्यासारख्यांची गाणी गोळा करून परदेशच्या मोठमोठ्या संगीतकारांकडे पाठवली होती. त्यात आमचंही पोचलं, आणि त्या हेलब्रुनरने ते पियानो, व्हायोलिन, चेलो घालून सजवून परत पाठवलं. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या पोरी तर तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. एक तर ती बाई ‘राजा’ असं म्हणत होती की जणू नवऱ्याला नाही, वेटरला हाक मारतेय. आणि जिथे लाट येते, जिथे गप्प राहायचं, तिथे व्हायोलिन भुर्रकन वर चढत होतं.

"लाट त्याला कळलीच नव्हती," एल्स्पेट म्हणायची. "कशी कळणार? व्हिएन्नाला समुद्र कुठाय? मीपण हसत होते. मग ती ‘जा’ म्हणाली. आमच्या पोरींनी धाडकन पाय आपटले. चहाचे कप हलले. मी मात्र आपटायची राहिले, माझ्या हातात केक होता. आणि म्हणून मला ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?" हे विचारायचं काम माझं.

"गाणं संपलं नव्हतं रे अलेक. बाई गप्प उभी आणि पियानो चालतोय. खाली चेलो, पाण्यातून पाय ओढल्यासारखा. तीच चाल, पण ओझं काढून घेतलेली. बेल आजी परत येत होती."

बेल आजी म्हणजे आम्हा दोघांची आजी, एल्स्पेट बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ती होती. तिने आमच्या आजोबांना एका सकाळी बोटीत सोडलं, ती परत फिरली, वाळूवर आली, आणि आजोबा काही परत आले नाहीत. त्या दिवसाबद्दल आजी एकच गोष्ट बोलायची, आणि तीही फक्त एल्स्पेटशी. "लोक म्हणतात, माणूस उतरवला की पाठ हलकी होते. खोटं आहे पोरी. येताना पाठ जड होती. तो पाठीवर असताना लाट मला हलवू शकली नाही. येताना दोनदा पडले." आमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या बाईला पाण्यात नेलं आणि माणूस बोटीत उतरला की गाणं संपवलं. तिला परत आणायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिला परत आणलं एका अशा माणसाने, ज्याने समुद्र पाहिला नव्हता. एल्स्पेटला हे इतकं लागलं की ती त्या हिरव्या झग्यावालीला मागच्या दाराशी गाठून त्या गाण्याच्या पुस्तकाचं नाव विचारून आली. अंगाला माशांचा वास, हाताला चिंध्या! मला तिचा अभिमान वाटतो तो इथपासून.

मग युद्ध आलं आणि संपलं. एल्स्पेटचं लग्न झालं, नवरा डेव्ही पिंकीच्याच बोटीवर इंजीन सांभाळायचा. तिने लायब्ररीतून ते पुस्तक मागवून घेतलं, मी बेकरीच्या ओट्यावर बसून त्याची नक्कल केली, आणि एका नव्या वर्षाच्या जेवणाला आम्ही ते मच्छीमारांच्या हॉलमध्ये करायचं ठरवलं. पियानो मी, व्हायोलिनला नाचगाण्यात वाजवणारा वॉटी. चेलो गावात नव्हताच, त्याचे सूर मी डाव्या हाताने जमेल तसे ओढणार.

एल्स्पेट उभी राहिली. तिने पहिल्यांदा सांगितलं, "हे आपलंच आहे, पण शेवटपर्यंत ऐका." एवढंच. भाषण करणं तिच्या रक्तात नव्हतं.

ते व्हिएन्नाहून सजून आलंय हे यार्मथला गेलेल्या पोरींकडून सगळ्यांना कळलेलंच होतं. गाणं लोकांनी ऐकलं, थोडं नाक मुरडत. व्हायोलिन लाटेच्या जागी वर चढलं तेव्हा मागून कोणीतरी मांजरासारखा आवाज काढला. मग "उतर आता, जा!" आणि धाड! सगळ्या हॉलने पाय आपटले, शिट्ट्या सुरू झाल्या, बाटल्यांची बुचं उडाली, बाकं सरकली. मी वाजवतोय आणि मला माझाच पियानो ऐकू येत नाही. एल्स्पेट मात्र ओठ मिटून उभी, पियानो संपेपर्यंत. त्या गोंधळात पिंकी बाकावर चढून ओरडला, "वा गं व्हिएन्ना! आता इंग्लंडच्या राजाकडे जेवायला जाणार की काय?"

हॉल हसून लोळला. हे नाव तिथेच चिकटलं.

एल्स्पेट हसणं थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुम्ही ऐकलं नाहीत. ऐकायची तयारी होईल तेव्हा सांगा, तोवर या हॉलमध्ये मी तोंड उघडणार नाही."

लोकांना वाटलं, आठवड्याभरात विसरेल. एल्स्पेटला ओळखत नव्हते म्हणायचं! तीस वर्षं होत आली, ती त्या हॉलमध्ये गायली नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा नाही. नवऱ्यामुलाच्या आईने हात धरला तर म्हणाली, "चर्चमध्ये गायले ना सकाळी, तेवढं पुरे." ‘पाठीवरचं’ दुसऱ्याच कोणीतरी म्हणायचं, सगळे पाय आपटायचे, आणि मग क्षणभर सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे जायच्या. ती शांतपणे सूप पीत असायची. खरं सांगतो, त्या वर्षांत आमच्या गावाचं गाणं बेचव झालं होतं. पण हे कबूल करायला स्कारहेवनच्या माणसाला तोंड नसतं.

पिंकी तिला बंदरावर भेटला की विचारायचा, "काय व्हिएन्ना, कसं काय तिकडचं हवामान?"

"तुझ्या गायीला विचार," एल्स्पेट म्हणायची आणि पुढे जायची.

पुढे काय झालं ते एका चेलोमुळे. नवा मिनिस्टर आला. बोटीवर मिनिस्टर हा शब्द अपशकुनी मानतात, म्हणून आम्ही त्याला ‘काळा कोट’ म्हणतो. त्याची बायको मार्गारेट ऑर्ड, एडिंबराची, काठीसारखी सडसडीत, मोठ्याने हसणारी. एल्स्पेट तिच्याकडे धुरी दिलेला हॅडॉक द्यायला गेली तर आतून चेलोचा आवाज. मासे हातात तसेच धरून ती खिडकीखाली उभी राहिली. संध्याकाळी बेकरी बंद करतोय तर ही दारात.

"अलेक, काळ्या कोटाच्या बायकोकडे चेलो आहे."

"बरं मग?"

"बरं मग काय? तो नकलेचा कागद कुठाय ते बघ. उंदरांनी खाल्ला असेल तर तुलाही उंदरांपुढे टाकते."

कागद होता. पिठाने माखलेला, पण होता. आम्ही तिघं मिनिस्टरच्या बैठकीच्या खोलीत जमायला लागलो, आणि वॉटी देवाघरी गेला होता म्हणून त्याचा नातू व्हायोलिनला. ऑर्डबाईंनी पहिल्याच दिवशी ते वाचून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "एल्स्पेट, तुमचा हिरमोड करायचा नाही मला. पण असा शेवट हा हेलब्रुनर सगळ्याच गाण्यांना लावायचा. आधी थोडं वाजवणं, नंतर थोडं वाजवणं, तशी त्या वेळची पद्धतच होती. त्याने काही तुमची आजी डोळ्यापुढे आणून हे लिहिलं नसेल."

मला वाटलं आता भडकणार ही. पण एल्स्पेटने बशीतला चहा संपवला.

"लावत असेल. माझी धुरीही सगळ्या माशांना एकच असते. पण ज्या माशाला लागते त्याला लागते. वाजवा तुम्ही."

ऑर्डबाई इतक्या हसल्या की त्यांना चेलोचा गज खाली ठेवावा लागला. त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं.

प्रश्न वेगळाच होता, आणि आम्हा सगळ्यांना तो माहीत होता. जूनमध्ये बोटींचा सण, शनिवारी सगळ्या बोटी बंदरात, संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम. एल्स्पेटने स्वतःहून निरोप पाठवला होता की ती गाणार. म्हणजे सगळं गाव येणार. आणि सगळं गाव ‘जा’वर पाय आपटणार, आरडाओरडा करणार, आणि पुन्हा तेच होणार. साठीला आलेल्या बाईला तिसरी संधी मिळत नाही. आवाजही आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, वरच्या सुरांना धुरी लागली होती.

काळा कोट म्हणाला, "मी आधी उठून विनंती करतो. शेवटपर्यंत शांत बसा म्हणून."

"नाही," एल्स्पेट म्हणाली.

"का?"

"शांतता मागून घ्यायची नाही मला. मागितलेली शांतता म्हणजे दातांच्या डॉक्टरकडची शांतता. त्यात काही ऐकू येत नाही."

त्या आठवड्यात बंदरावर पिंकीने तिला गाठलं. आता तोही म्हातारा झाला होता, बोट मुलाकडे होती, पण आवाज तसाच.

"व्हिएन्ना, ऐकलं ते खरं का? पण एक सांगतो, माणूस बोटीत उतरला की पाय आपटणार म्हणजे आपटणार. माझ्या बापाने आपटले, आज्याने आपटले."

"आपट की. मी कुठे नको म्हणते? माणूस बोटीत पडला तर आवाज होणारच."

पिंकी गोंधळला. "मग तुझं ते पियानोचं शेपूट?"

"ते माझं मी बघते. तू तुझे बूट चांगले घालून ये."

मी त्या रात्री नीट झोपलो नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "तू तुझं वाजव. काहीही झालं तरी थांबू नकोस." माझ्याच बहिणीने मला काही सांगितलं नाही, याचा राग मला आजही आहे.

शनिवारी संध्याकाळी ऊन अजून हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून आत येत होतं. बाकं भरली, भिंतीला टेकून माणसं, दारात माणसं. सँडबर्नहूनही काही आले होते, फजिती बघायला. एल्स्पेट स्टेजवर आली ती रोजच्या लोकरी झग्यात, धुरीघरातल्या. मला वाटलं, निदान चांगला झगा तरी घालायचा! ऑर्डबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि सुरू केलं.

आवाज पहिल्या ओळीला थोडा घरघरला, मग लागला. हॉल ऐकत होता. इतक्या वर्षांनी तो आवाज त्या छपराखाली आला होता आणि मी कीबोर्डवरून मान न वळवताही सांगू शकत होतो की लोक पुढे वाकून बसलेत. लाटेच्या जागी वॉटीचा नातू व्हायोलिनवर वर चढला, पण कोणी मांजर काढलं नाही. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मग तिने श्वास घेतला.

"उतर आता, जा!"

धाड! असा आवाज मी त्या हॉलमध्ये आधी कधी ऐकला नव्हता. पियानोवरचा दिवा हलला. पिंकीने खरोखरच समुद्रावरचे बूट घालून येऊन आपटले होते. आता शिट्ट्या येणार म्हणून मी जोर लावून शेवटाकडे वळलो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर एल्स्पेट जागेवर नाही.

ती वळली होती. झग्याचा घेर तिने दोन्ही हातांनी कमरेत खोचला होता, गुडघ्यांच्या वर, भर सभेत, जशी बेल आजी खोचायची. पाठ अजून वाकलेली, जशी ओझ्याखाली वाकते, पण ओझं नाही. ती स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागली. पाय असे उचलत होती की मांड्यांएवढं पाणी दिसत होतं. मागे बघत नव्हती. ओठ मिटलेले.

कोणाची तरी शिट्टी अर्ध्यातच विझली. मग सगळं थांबलं. त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाने ती चाल पाहिलेली होती, दर सोमवारी पहाटे, आपल्या आईची, बायकोची, बहिणीची. आणि ती चालत असताना बोलायचं नसतं. लहान पोरंसुद्धा गप्प झाली. सँडबर्नवाले एकमेकांकडे बघत होते, पण त्यांनाही तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

आणि त्या शांततेत पियानो वाजत होता, माझा. खाली ऑर्डबाईंचा चेलो, पाण्यातून पाय ओढत. तीस वर्षांपूर्वी मला स्वतःलाही तो शेवट ऐकू आला नव्हता, तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पण हेलब्रुनरचा शेवट आखूड आणि आमचा हॉल लांब. ती अजून अर्ध्या वाटेत आणि माझा कागद संपत आला. मी ऑर्डबाईंकडे बघितलं. त्यांचे गाल ओले होते, पण त्यांनी हनुवटीने खूण केली, परत. आम्ही शेवट परत घेतला. त्या व्हिएन्नावाल्याने मला माफ करावं. पिंकीच्या बाकापाशी ती अडखळली, एक गुडघा वाकला, एका हाताने तिने हवेत आधार शोधला आणि पुन्हा चालू लागली. आजी परतताना दोनदा पडली होती, हे त्या हॉलमध्ये फक्त तिला आणि मला माहीत होतं. तरी मी थांबलो नाही. शेवट तिसऱ्यांदा घेतला.

पिंकी उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग एकेक करून सगळे पुरुष उठले, टोप्या हातात. दारातली गर्दी बाजूला झाली. एल्स्पेटने उंबरा ओलांडला, ती बाहेरच्या उन्हात उभी राहिली, तिने खोचलेला झगा सोडला आणि आम्ही शेवटचा सूर सोडला. मग ती वळली.

"झालं," ती म्हणाली. "आता प्या काय प्यायचं ते."

त्यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणणं म्हणजे वादळाला वारा म्हणणं. म्हाताऱ्या बायका तिच्याभोवती जमल्या, कोणी रडत होतं, कोणी तिचा झगा सारखा करत होतं. पिंकी वाट काढत आला, टोपी अजून हातातच.

"माझ्या आईने असं केलं होतं," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ गेला त्या दिवशी. मी धक्क्यावर उभा होतो. आईचं तोंड दिसलं नव्हतं मला, फक्त पाठ." मग त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "त्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता म्हणतेस?"

"नाही."

"मग कसं कळलं त्याला?"

"मला काय माहीत, सँडी? कोणीतरी त्याच्याकडेही पाठ करून गेलं असेल."

त्या दिवसापासून पिंकीने तिला व्हिएन्ना म्हणताना चेष्टेचा सूर काढला नाही. पुढच्या मतदारयादीत छापून आलं, स्लेटर, एल्स्पेट, ‘व्हिएन्ना’. तिच्या मुलीने ते नाव लावलं. नातवाने नवी बोट घेतली, तिच्या पुढच्या फळीवर पांढऱ्या अक्षरात तेच नाव आहे, आणि एल्स्पेटच्या दगडावरही तेच. हे नाव आता चार घरांत आहे. पिंकी, कणीक यांच्या बरोबरीने, थोडंसं वरचढच.

आणि ‘पाठीवरचं’ आता आम्ही शेवटासकट म्हणतो. पियानो नसला तर बायका तोंड मिटून गुणगुणतात. एक बाई झगा खोचून दारापर्यंत चालते, आणि ती उंबरा ओलांडेपर्यंत कोणी हूं की चूं करत नाही.

एल्स्पेट गेल्यानंतरच्या वर्षी एडिंबराहून एक गृहस्थ आले होते, संगीतातले जाणकार, चांगले माणूस. पहिल्या रांगेत पिंकीशेजारी बसवलं होतं. ‘जा’वर धाड झाली, त्यांना वाटलं संपलं, आणि त्यांनी मनापासून टाळी वाजवायला हात उचलले. पिंकी नव्वदीला टेकला होता, कानाला यंत्र, हातात काठी. त्याने ती काठी त्या गृहस्थांच्या दोन्ही हातांमध्ये आडवी घातली आणि कानाशी वाकून म्हणाला,

"थांबा साहेब. बाई अजून पाण्यात आहे."